घशात पापड अडकत नाही

माझ्या टेबलाच्या वरच्या खणात कायम तीन वस्तू असत. ओल्या फिल्म टांगायचे चिमटे, माझ्या डोकेदुखीच्या गोळ्या आणि पाव किलो हळकुंडं, सोबत पिवळ्या दोऱ्याची गुंडी. नवीन डॉक्टर आले की त्यांना वाटायचं, हा माणूस एक्स-रे काढण्याआधी यंत्राची पूजा करतो. तसं करायलाही हरकत नव्हती, कारण आमचं यंत्र बऱ्याचदा देवाच्याच भरवशावर चालायचं. पण हळकुंडं होती ती बायकांसाठी.

गळ्याचा एक्स-रे काढायचा तर गळ्यात धातू चालत नाही. सोन्याच्या वाट्या, तारेत ओवलेले मणी, सगळं फिल्मवर पांढरंशुभ्र उमटतं आणि त्याच्या मागे काय दडलंय ते कळत नाही. म्हणून मंगळसूत्र काढायला सांगायचं. हे मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका आजींना सांगितलं आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच त्यांच्या नवऱ्याच्या जिवावर उठलोय. मग जुन्या आयाबाईने मला बाजूला घेऊन उपाय सांगितला: आधी दोऱ्यात हळकुंड ओवून गळ्यात बांधायचं, मग मंगळसूत्र उतरवायचं. गळा क्षणभरही मोकळा राहत नाही, आणि हळकुंड फोटोत जवळजवळ दिसत नाही. त्या दिवसापासून मी हळकुंडांचा साठा ठेवू लागलो. आमच्या वाण्याची बरीच वर्षं समजूत होती की माझ्या घरी सारखी लग्नं निघतात.

नव्वदच्या दशकातल्या या गोष्टी. आठवड्यातले चार दिवस मी पेणला, रामवाडीच्या बाजूला असलेल्या एका कान-नाक-घशाच्या हॉस्पिटलात असे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळची गाडी पकडून रोह्याला जाई. तिथे एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत दुसरं यंत्र होतं, पेणच्यापेक्षा म्हातारं आणि जास्त चिडकं. दोन्हीकडे मला लोक ‘फोटोवाले’ म्हणत. या शब्दाने फार घोळ घातले. एकदा एक आजोबा डोक्याचा फोटो काढायचा म्हणून दाढी करून, टोपीला नीळ घालून आले. मी म्हटलं, “श्वास रोखा, हलू नका.” त्यांनी श्वास रोखला आणि तोंड न हलवता विचारलं, “हसू का?” मी म्हटलं, हसा. कवटीच्या फोटोत माणूस तसाही हसलेलाच येतो.

माझ्या कामाची वाचकांना थोडी माहिती सांगतो, म्हणजे पुढे मी किती मोठा गाढवपणा केला ते नीट कळेल. एक्स-रे म्हणजे सावली. धातूची सावली झकास पडते, हाडाची बरी पडते, मांसाची जेमतेम. लाकूड, प्लास्टिक, भाजी, पापड, हळकुंड यांची पडतच नाही म्हटलं तरी चालेल. त्या काळी फिल्म हाताने धुवावी लागे. अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्याखाली एका टाकीतून दुसऱ्या टाकीत ती बुडवत उभं राहायचं, आणि बाहेर नातेवाईक दारावर थापा मारत विचारायचे, “आला का हो फोटो?”

लहान पोरं वस्तू गिळतात हे सर्वांना ठाऊक असतं. म्हातारी माणसं त्यांच्या बरोबरीने गिळतात, हे कोणी सांगत नाही. दात गेले की घास नीट चावला जात नाही. तोंडाला कोरड पडते. घशाचे स्नायू सैल होतात, घास खाली ढकलायला वेळ लावतात. त्यात वरची कवळी, म्हणजे लावायच्या दातांची पट्टी, टाळू झाकून टाकते. मग तोंडात हाड आहे की बटाटा आहे, याचा पत्ता जिभेला लागेपर्यंत ते पलीकडे गेलेलं असतं. पोराने नाणं गिळलं तर ते लगेच रडून सांगतं. म्हातारा माणूस मात्र लपवतो, कारण त्याला लाज वाटते.

एक आजोबा आले होते, त्यांनी रक्तदाबाची गोळी वेष्टनासकट गिळली होती. दुकानदार पाकिटातून कात्रीने एकेक गोळी चौकोनी कापून देत असे. डॉक्टर म्हणाले, “ही एक गोळी गिळायची.” आजोबांनी ती आहे तशी गिळली, चारही टोकदार कोपऱ्यांसकट. “चव कशी होती?” मी विचारलं. “औषध हाय ते. चव बघायची नसते,” ते म्हणाले. पेणच्या गणपती कारखान्यात आयुष्य घालवलेले एक रंगारी तर बेरियम बघूनच उठून उभे राहिले. बेरियम म्हणजे फोटोत आतली वाट दिसावी म्हणून प्यायला द्यायचं पांढरं, घट्टसर पाणी. त्यांनी त्यात बोट बुडवलं, अंगठ्याला चोळलं आणि मला म्हणाले, “प्लास्टर हाय ह्ये. आत साचा धरला म्हंजे?” आपल्या पोटात मूर्ती तयार होईल, अशी त्यांची खरोखरची भीती होती. शेवटी मी त्यांच्यासमोर दोन घोट प्यालो. मग त्यांनी माझं पोट दहा मिनिटं लक्ष देऊन पाहिलं आणि उरलेला पेला रिकामा केला.

आणि सॅमसनकाका. पेणजवळच्या एका खेड्यात ज्यूंची पाच-सहा घरं होती. बाकीची माणसं इस्रायलला निघून गेली, काका आणि काकू राहिले. एका सकाळी काका घशावर बोट ठेवून हजर.

“भिंग खाल्ली,” ते म्हणाले. भिंग म्हणजे चवीला अप्रतिम मासा, पण काट्यांची नुसती गादी.

“काका, या वयात भिंग कशाला? कोलंबी खायची. काटा नाही, कटकट नाही.”

“कोलंबीला खवलं नाय. आमच्यात चालत नाय. चिंबोरी चालत नाय. चालतं काय, तर ज्याच्यात काटं हायत त्ये. आता देवानंच ठरवलंय मी अडकायचा, तर तू मधी कोण?”

मी फोटो काढला. फोटोत काही नाही. बारीक काट्याची सावली पडतेच असं नाही. मी म्हटलं, “काका, साफ आहे.” काका ओली फिल्म हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “फोटो तुजा हाय, घसा माजा हाय. कोणाला जास्ती कळतं?” मग मी जुनी युक्ती केली. कापसाचा छोटा बोळा बेरियममध्ये भिजवून गिळायला दिला. आत काटा असला तर बोळा त्याला अडकतो आणि फोटोत पांढरा ठिपका दिसतो. ठिपका दिसला. आमच्या डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने केसासारखा काटा काढला, आणि काका तो कागदात गुंडाळून घरी घेऊन गेले, काकूंना दाखवायला. काकू म्हणाल्या होत्या की तुम्ही नाटकं करताय.

काकांचं ते वाक्य मी सगळ्यांना हसत हसत सांगायचो. सांगायचो फक्त. त्यातून शिकलो असतो, तर हिराआजीचे दोन आठवडे वाचले असते.

हिराआजी रोह्याच्या आतल्या बाजूच्या एका गावची. भात आणि वाल पिकवणारं घर. सत्तरीची, काटकुळी, तोंडात एकही दात नाही, पण बोलणं असं की दातांची उणीव भासू नये. एका मंगळवारी सुनेबरोबर आली. रोह्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती: घशात अडकल्यासारखं वाटतं, गळा व छाती, एक्स-रे.

“काय गिळलंत आजी?”

“पापड,” आजी म्हणाली. “पोह्याचा.”

सूनबाईने पदर तोंडाला लावला. मलाही हसू आलं. पोह्याचा पापड आमच्या भागातली शान, भाजला की कुरकुरीत, पण तोंडात गेला की विरघळतो. “आजी, घशात पापड अडकत नाही हो,” मी म्हटलं.

“अडकला तर हाय,” आजी म्हणाली.

आता ठरलेले प्रश्न. मी ते वर्षानुवर्षं एका दमात विचारत आलो होतो. “नाणं गिळलं? हाड? काटा? सुई? तुमची कवळी आहे?”

आजीने सुनेकडे पाहिलं. मग म्हणाली, “माजी? माजी नाय.”

मी चिठ्ठीवर लिहिलं, कवळी नाही. वाचकांनी हा प्रश्न आणि हे उत्तर ध्यानात ठेवावं, मी ठेवलं नाही.

मग मी खणातून हळकुंड काढलं. आजीने हात मागे घेतला. “ज्यानं बांधलं त्यानं बांधायचं. तो घरी हाय.” तो म्हणजे गणूबाबा, तिचा नवरा. सुनेने समजावलं, मी समजावलं, आजी हलेना. शेवटी मी तिला मंगळसूत्र ओढून कपाळावर धरायला सांगितलं. कपाळावर काळी पोत धरून उभी राहिलेली आजी एखाद्या नाटकातल्या राणीसारखी दिसत होती. मी फोटो काढला. मणी हनुवटीवर लोंबले होते, तेवढे उमटले. बाकी साफ.

“काही नाही आजी,” मी म्हटलं. “मशीनला काही दिसत नाही.”

“नाय?” तिने दोनदा विचारलं. “मशीनला नाय, म्हंजे नायच ना?”

“नाहीच.”

तिचा चेहरा उजळला. मला वाटलं, म्हातारीचं समाधान झालं. डॉक्टरांनी टॉनिक दिलं.

पुढच्या मंगळवारी ती पुन्हा आली. आता भात जात नव्हता, पेज जात होती. छातीच्या वरच्या बाजूला टोचत होतं. पुन्हा प्रश्न, पुन्हा “माजी नाय”, पुन्हा कपाळावर मंगळसूत्र. तिला बेरियमचा बोळा द्यावा असं मनात आलं, पण त्या दिवशी वीज येऊन जाऊन होती आणि बाहेर ओळ लागलेली होती. पापडासाठी बेरियम कुठे वाया घालवायचं, असाही विचार केला. फोटो साफ. सून मला बाजूला घेऊन म्हणाली, “भाऊ, खरं सांगू? मामंजींचं नि त्यांच्या धाकट्या भावाचं भांडण झालंय. घरात कोणीच कोणाशी धड बोलंना. म्हणून सासूबाय मनाला लावून घेतात.”

“कसलं भांडण?”

“काय नाय वो. घरातलं.” ती अशी ओशाळली की मी पुढे विचारलं नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, मनाचा त्रास. मी खाली सही ठोकून अहवाल दिला: साफ.

तिसऱ्या मंगळवारी आजी पोराच्या खांद्याला धरून आली. पेजेवरचं पाणी तेवढं उतरत होतं. पोलकं अंगावर लोंबत होतं. बोलणं बंद झालं होतं, आणि हिराआजी बोलत नाही हे बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. मी पोराला म्हटलं, “आज कपाळबिपाळ नाही. मंगळसूत्र काढूनच नीट फोटो घेणार. वडिलांना आणा, कुठेही असतील तिथून.”

गणूबाबा बाजारात बी-बियाण्याच्या दुकानावर बसले होते. तासाभरात आले. उंच, ताठ, रागीट म्हातारा. मी हळकुंड ओवून त्यांच्या हातात दिलं. त्यांच्या राठ बोटांत बारीक दोरा सापडेना, गाठ बसेना. एका हाताने दोरा ताणावा, दुसऱ्याने गाठ मारावी, म्हणून त्यांनी दोऱ्याचं टोक दातांत धरायला तोंडाशी नेलं. आणि तसंच परत खाली आणलं.

“दात नायत,” ते पुटपुटले.

“बाबा, तुमचे समोरचे दात कधी पडले?”

“पडलं नाय. शोरीला गेलं.”

“शोरीला?”

“चोरीला वो, चोरीला,” पोरगा दारातून म्हणाला, आणि त्याच्या तोंडून ते भांडण एकदाचं बाहेर पडलं. बाबांनी आठवडी बाजारात बसणाऱ्या दातवाल्याकडून तीन दातांची कवळी करून घेतली होती. पुतणीच्या लग्नात मिरवायला. रोज दुपारी जेवून झालं की ती काढून, धुऊन, कोनाड्यात पितळी पेल्यात ठेवायची आणि झोपायचं. तीन आठवड्यांपूर्वी झोपून उठले तर पेला रिकामा. शेजारीच धाकट्या भावाचं घर. बाबांचा संशय भावावर, कारण कवळी बघून तो म्हणाला होता की दादा, लग्न माझ्या पोरीचं आहे का तुझं? तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद. लग्नाला जायचं नाही, असं बाबांनी जाहीर केलं होतं. गावात एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याला दातचोर म्हणत फिरत होता.

मी हसलो. मला आवरलंच नाही. हसता हसता माझी नजर आजीकडे गेली. यंत्रासमोरच्या स्टुलावर बसलेली आजी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

सगळ्यांना बाहेर काढून मी दार लावलं. “आजी,” मी म्हटलं, “कवळी तुमची नाही. पण कवळी आहे ना?”

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि अगदी बारीक आवाजात तिने सांगितलं.

“धा वर्सं पापड चावला नाय मी. भिजवून खायची. भिजवलेला पापड काय पापड असतो? हे माज्यासमोर बसून कडाकड खायाचे. एक दिस झोपले, मी पेला घेतला. ढिली व्हती, पण बसली. एकच घास चावला. लय ग्वाड आवाज आला. मंग दारात कोण आलं म्हून घाईनं गिळला, नि कवळीबी गेली.”

“अहो, मग पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का?”

“सांगणार व्हती. पर तूच बोललास, मशीनला नाय दिसत म्हंजे नायच. मंग मला वाटलं, आत नाय. घाईत कुठं पडली आसंल. घरात सगळीकडं शोधली मी, ह्यांच्याबरूबर.”

प्लास्टिकची सावली पडत नाही. चांगल्या दातवाल्याने केलेल्या कवळीला तार असते, ती दिसते. बाजारातल्या दातवाल्याने तार घातली नव्हती. नुसतं गुलाबी प्लास्टिक आणि तीन दात, तेही प्लास्टिकचेच. हळकुंड फोटोत दिसत नाही हे रोज सांगणारा मी, माझ्या डोक्यात हे आलं नाही. मी तिला विचारत राहिलो, तुमची कवळी आहे का. ती खरं उत्तर देत राहिली. आणि तिला टोचत असताना मी दोन आठवडे फिल्मवर विश्वास ठेवला. आजही ते लिहिताना मान खाली जाते.

“ह्यांना सांगू नकोस,” ती म्हणाली. “भावाला चोर बोलले ते. लाजेनं मरतील.”

“आजी, नाही सांगितलं तर तुम्ही मराल.”

तिने विचार केला. खरोखर विचार केला, हे मी बघत होतो.

बाबांना आत बोलावलं, दोरा मी ताणून धरला, त्यांनी हळकुंडाची गाठ मारली आणि मंगळसूत्र उतरलं. मग त्यांना बाहेर पाठवून मी बेरियमचा बोळा दिला. तिने कसाबसा उतरवला. मी फिल्म धुतली आणि तांबड्या उजेडात बघितलं तर छातीच्या वरच्या भागात बोळा अडकून बसला होता, त्याच्याखाली पांढऱ्या रेघेत एक कडा उमटली होती, आणि कडेला तीन टेंगळं. दाताचा फोटो मी आयुष्यात इतक्या आनंदाने पाहिलेला नाही.

त्याच दुपारी जीप करून आजीला पेणला नेलं. मीही बरोबर गेलो. बाबा पुढच्या सीटवर ताठ बसले होते; त्यांना एवढंच सांगितलं होतं की पापड निघाला नाही. डॉक्टरीणबाईंनी फिल्म पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. त्या कधी रागावून बोलत नसत, नुसतं बघत, आणि ते जास्त लागे. “कड रुतलेली आहे. अजून चार दिवस गेले असते तर अन्ननळी फाटली असती,” एवढंच म्हणाल्या. आजीला भूल दिली. लांब नळीतून चिमटा घालून कवळी आधी फिरवायची, तिची धार आडवी करायची आणि मग वर घ्यायची, हे काम त्या करत असताना मी बाहेर बाबांच्या शेजारी बाकावर बसलो. हळकुंड बाबांच्या मुठीत होतं. भूल देताना गळ्यातला दोरा सिस्टरने कापला होता, आणि बाबांनी भांडून तिच्या मनगटावर दुसरं बांधायला लावलं होतं.

पाऊण तासाने दार उघडलं. सिस्टर स्टीलच्या ताटलीत गुलाबी कवळी घेऊन आली. बाबा उभे राहिले. त्यांनी ती उचलून उजेडात धरली, उलटी करून बघितली.

“माजी हाय,” ते म्हणाले.

मग त्यांना उमगलं. मी बघत होतो, त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट सरकत गेली: कोनाडा, पेला, भाऊ, गावभर केलेली बोंब. मला वाटलं आता ओरडणार. ते तसेच आत गेले, आजीच्या खाटेपाशी. ती अर्धवट शुद्धीवर होती. बाबा वाकले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “पापड खायचा व्हता, तर सांगायचं नाय काय गो? मी चावून दिला असता.”

आजीने डोळे न उघडता उत्तर दिलं. घसा सोललेला, तरी शब्द स्पष्ट होते. “तुमी चावलेला कोन खानार?”

हिराआजी बोलली, म्हणजे ती वाचली, हे मला तेव्हा कळलं. मी बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडलो. सिस्टरला सांगितलं की फिल्म धुवायच्या फिक्सरचा वास डोळ्यांत गेला.

पुढे महिन्याभराने, एका मंगळवारी, दोघं रोह्याला आली. आजी भरून आली होती. बाबांनी भावाची माफी कशी मागितली ते आजीनेच रंगवून सांगितलं. पापडांचं पुडकं घेऊन त्याच्या ओट्यावर गेले, ते पुडकं ठेवलं, म्हणाले, “दात घरातच व्हतं,” आणि परत आले. भाऊ मागून ओरडला, “घरात कुठं?” त्याचं उत्तर अजून दिलेलं नाही. पण लग्नाला सगळे गेले. माझ्यासाठीही एक पुडकं होतं. डॉक्टरीणबाईंनी आजीला तिच्या मापाची, तार घातलेली कवळी करून घ्यायला सांगितलं होतं. ती व्हायची होती.

“आता फोटो काढ माजा,” आजी म्हणाली.

“कशाला? आता बऱ्या आहात.”

“बरी हाय म्हून. तीन येळा काडलास, एकात पन मी नाय.”

माझ्याकडे कॅमेरा नव्हता. शेजारच्या गल्लीत फोटो स्टुडिओ होता, तिथे दोघांना घेऊन गेलो. मागे पडद्यावर रंगवलेलं तळं आणि हंस. आजीने मंगळसूत्र पदरावर नीट काढून ठेवलं; इथे ते लपवायचं नव्हतं. फोटोग्राफर काळ्या कापडातून डोकं काढून म्हणाला, “आजी, हसा.” आजी हसली, मग तोंड मिटून घेतलं.

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. तोंडात बोट घालून कवळी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि तिच्या हातात दिली.

“अहो!” मी ओरडलो. “नाही! अजिबात नाही!”

“फोटोपुरती,” बाबा म्हणाले. “शोरीची नाय. देलेली हाय.”

मी हात पुढे करून, कॅमेऱ्याच्या कडेला, चौकटीत येणार नाही असा उभा राहिलो. बजावलं, गिळायचं नाही, बोलायचं नाही, घास तर नाहीच. क्लिक झाल्याबरोबर मी तळहातावर दात मोजून घेतले. तीन. मग बाबांना परत केले.

निवृत्त होईपर्यंत मी तो प्रश्न तसा पुन्हा विचारला नाही. म्हातारं माणूस समोर बसलं की मी म्हणायचो, “घरात कोणाचीही कवळी आहे का? आणि ती या क्षणी कुठे आहे?” लोक चक्रावत. एक-दोघांनी पोराला घरी पिटाळून बघूनही आणली. आणि कोणी म्हणालं टोचतंय, तर फोटो साफ असला तरी मी त्याला घरी पाठवत नसे.

स्टुडिओतल्या फोटोची एक प्रत आजीने मला दिली. ती खणात हळकुंडांजवळ ठेवलेली असे, आता घरी कपाटात आहे. मी काढलेल्या हजारो फोटोंपेक्षा मला तोच जास्त आवडतो, कारण त्यात जे होतं ते सगळं दिसतं. आजी तोंडभर हसते आहे, तीनही दात स्पष्ट. शेजारी गणूबाबा ताठ उभे आहेत, तोंड घट्ट मिटून.